कोंबडीचे अंडे आणि चेतापेशी
(सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांच्या शिक्षकांसाठी)

पाठाचा हेतू.— एखाद्या घटनेचा केवळ शेवट पाहून काढलेला निष्कर्ष आणि तीच घटना रोजच्या रोज पाहून काढलेला निष्कर्ष, यांत किती अंतर पडते हे मुलांस उमगावे, हा या पाठाचा हेतू होय. त्यासाठी इटलीतील शास्त्रज्ञ रीता लेवी-मोंताल्चिनी यांचे संशोधन शिक्षकांनी प्रथम स्वतः समजून घ्यावे.

माहिती.— रीताबाईंचा जन्म १९०९ साली तूरिन शहरी झाला. १९३६ साली त्या वैद्यकाची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू असल्यामुळे त्यांस विद्यापीठाची दारे बंद झाली. तेव्हा त्यांनी आपल्या निजण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुयांना धार लावून त्यांची शस्त्रे केली. प्रयोगद्रव्य म्हणजे कोंबडीची अंडी! त्यांचे गुरू प्राध्यापक जुझेप्पे लेवी हेही त्याच कायद्याने पदच्युत झाले होते. ते आपल्या शिष्येच्या या खोलीत साहाय्यक म्हणून काम करू लागले. पुढे शहरावर बॉम्ब पडू लागले, तेव्हा हे काम खेड्यातील घरी चालू राहिले.

प्रश्न असा होता : अंड्यातील गर्भाच्या पायाचा अंकुर काढून टाकला, तर त्या पायाकडे जाणाऱ्या चेतापेशी, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या पेशी, पुढे फार थोड्या आढळतात. असे का व्हावे? व्हिक्टर हॅम्बर्गर या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग पूर्वीच केला होता. पायाकडून प्रेरणा न मिळाल्यामुळे त्या पेशी तयारच होत नाहीत, असे त्यांचे मत होते. रीताबाईंनी निरनिराळ्या वयाचे गर्भ घेऊन त्यांचे पातळ छेद क्रमाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेव्हा दिसले ते वेगळेच. चेतापेशी तयार होत होत्या, त्यांचे तंतूही निघत होते. मात्र पुढे त्या मरत होत्या. जन्म न होणे आणि जन्मून पोषणावाचून मरणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी होत.

आपले मत खोडणारा हा लेख वाचून हॅम्बर्गर यांनी रीताबाईंस अमेरिकेत सेंट लुई येथे बोलावून घेतले. त्या १९४७ साली तेथे गेल्या. दोघांनी मिळून पुन्हा तपासणी केली, आणि रीताबाईंचे म्हणणे खरे ठरले.

मग पेशींना जगविणारे ते काय, हा पुढचा प्रश्न उभा राहिला. उंदराच्या एका अर्बुदाचा तुकडा गर्भात लावला असता चेतातंतू जोमाने वाढतात, असे दिसून आले होते. १९५२ साली रीताबाई असे उंदीर घेऊन विमानाने ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे गेल्या. तेथे काचपात्रात चेतापेशींच्या पुंजक्याशेजारी अर्बुदाचा तुकडा ठेवताच पुंजक्याभोवती तंतूंचे दाट वलय उमटले. पुढे स्टॅन्ली कोहेन या रसायनशास्त्रज्ञांच्या सहकार्याने सर्पविषात व उंदराच्या लाळग्रंथींत तेच द्रव्य अधिक प्रमाणात सापडले. ते एक प्रथिन होते. या शोधाबद्दल दोघांस १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रीताबाई २०१२ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, निधन पावल्या.

वर्गात करावयाचे काम.— दोन उथळ कुंड्यांत मटकीचे सारखे दाणे पेरावेत. पहिल्या कुंडीस रोज पाणी द्यावे. दुसरीस केवळ दोन दिवस द्यावे व नंतर ती उन्हात ठेवावी. एका गटाने रोज दोन्ही कुंड्यांतील दोन-दोन दाणे उकरून पाहावेत व त्यांची चित्रे तारखेनिशी काढावीत. दुसऱ्या गटाने कुंड्या एकदम दहाव्या दिवशी, त्याही वरूनच पाहाव्यात. दुसऱ्या कुंडीत काय झाले, हे दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे लिहावे. ‘दाणे रुजलेच नाहीत’ आणि ‘दाणे रुजून वाळले’ अशी दोन उत्तरे आल्यास ती फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत. कोणते खरे, हे शिक्षकांनी सांगू नये. चित्रे पाहून मुलांनीच ठरवावे.

प्रश्न.—
१. दुसऱ्या गटाला खरी गोष्ट कोणत्या दिवशी कळली असती?
२. हॅम्बर्गर यांनी आपल्या मताविरुद्ध लिहिणाऱ्या व्यक्तीस का बोलाविले असेल?

सूचना.— चित्र पुस्तकातल्यासारखे नाही म्हणून ते खोडून सुधारू नये. मुलास जे दिसले तेच त्याने काढले असेल, तर ते चित्र बरोबरच समजावे. सूक्ष्मदर्शक शाळेत नसला तरी हा पाठ अडत नाही. एक वही, तारीख आणि रोज पाहण्याची सवय एवढी सामग्री त्यास पुरे.