हन्ना मद्य प्यायलेली नव्हती
शास्त्रपाठ : 1 शमुवेल 1:1–20



शिलो येथील मंदिराच्या दाराशी बसलेल्या एली याजकाने एका स्त्रीकडे पाहिले. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ही प्यायलेली आहे, असे त्याने ठरवून टाकले. एली काही दुष्ट माणूस नव्हता. देवाच्या सेवेत तो म्हातारा झाला होता, तरी समोरचे दुःख त्याला ओळखता आले नाही.

हन्नाला कोणता आजार होता हे शास्त्र सांगत नाही, आणि आपणही तो ठरवू नये. पण वर्षानुवर्षांची टोचणी, सणाच्या दिवशी रडणे, अन्न न जाणे हे सारे आपल्या पाड्यांवर काम करणाऱ्यांच्या ओळखीचे आहे. एलकानाचे तिच्यावर प्रेम होते. तोही ‘मी आहे ना, मग रडतेस कशाला’ अशाच अर्थाचे बोलला. प्रेमाने बोलला, पण तेवढ्याने तिचे रडे थांबले नाही.

सातपुड्यातल्या पाड्यावर ‘नैराश्य’ हा शब्द सहसा ऐकू येत नाही. बाई सांगते ती अंगाची गाऱ्हाणी : डोके जड होते, हातपाय गळून जातात, छाती धडधडते, रात्री झोप नाही. तिला दुखण्याची गोळी मिळते आणि ती घरी जाते. घरचे म्हणतात आळशी झाली, शेजारी म्हणतात बाहेरची बाधा आहे. मग कोंबडे कापले जाते, पैसे जातात आणि बाई आणखी गप्प होते.

चार दिवसांचे दुःख हा आजार नव्हे. घरात मृत्यू झाला तर माणूस रडणारच. लाजराच्या कबरेपाशी आपला प्रभूही रडला. पण दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेले राहिले, आवडीच्या कामातही जीव रमेना, भूक आणि झोप बिघडली, ‘मी कुणाच्या उपयोगाची नाही’ असे वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे हा आजार स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे दीडपट आढळतो. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांत तर दहांपैकी एकीहून अधिक जणींना तो होतो. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरके एकदम उतरतात, त्यात रात्रीची जागरणे. आमच्या भागात त्यावर आणखी ओझी असतात : ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणे, नवऱ्याची दारू आणि मार, दगावलेले मूल. रक्त कमी असणे किंवा थायरॉइडचा दोष यांमुळेही असाच थकवा येतो, म्हणून रक्ततपासणी आधी करून घ्यावी.

आता आपल्याच मंडळ्यांविषयी थोडे. ‘विश्वास कमी पडला’, ‘काही पाप लपवले असेल’, ‘प्रार्थना वाढव’ ही वाक्ये आपण फार सहज बोलतो. अगोदरच स्वतःला दोष देणाऱ्या बाईच्या गळ्यात आपण आणखी एक धोंडा बांधतो. कर्मेलावर जय मिळवलेला एलीया दुसऱ्याच अध्यायात (1 राजे 19) झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाचा दूत त्याला रागावत नाही. त्याला झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, आणि हे दोनदा करतो. होरेबावरचे संभाषण त्यानंतरचे आहे.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सौम्य आजारात समजून घेणारे, शिकवलेल्या पद्धतीने केलेले बोलणे पुष्कळ काम करते. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने गावातल्याच सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि त्या नैराश्य असलेल्या गरोदर मातांच्या घरी जाऊन आधार देऊ लागल्या. म्हणजे या कामाला पदवीच लागते असे नाही. शिकण्याची तयारी आणि तोंड बंद ठेवण्याची सवय लागते. (दुसरी गोष्ट महिला संगतीत अधिक अवघड जाते, हे आपण हसून मान्य करू.) आजार तीव्र असेल तर औषध लागते. गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरे वाटू लागले म्हणून ती आपल्या मनाने थांबवू नये. डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा बरे वाटल्यावरही सहा महिने तरी, ती घ्यावी लागते. ‘प्रार्थना केली, आता गोळ्या फेक’ असे कोणत्याही सेवकाने सांगू नये. मलेरियाच्या तापात आपण असे सांगत नाही.

एखादी बहीण ‘नको झाले जगणे’ म्हणाली तर तिला स्पष्ट विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत असून रात्रंदिवस चालू असतो, आणि मराठीत बोलता येते. जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रात कळवावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते.

पुन्हा एकदा शिलोकडे वळू. हन्नाने आपले मन उघड केल्यावर एलीने आपली चूक धरून ठेवली नाही. त्याने तिला शांतीने निरोप दिला. ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पूर्वीसारखा उदास राहिला नाही. त्या वेळी शमुवेल जन्मला नव्हता, घरात पनिन्नाही तशीच होती.

महिला संगतीत हा पाठ घेताना एवढेच विचारावे : गेल्या महिनाभरात उपासनेला यायची थांबलेली बहीण कोणती, आणि या आठवड्यात तिच्याकडे भाकरी घेऊन कोण जाईल?