बाग्राडासची लढाई
(इ. स. पूर्वीं २५५)

रोम व कार्थेज यांच्या युद्धांचा विषय निघाला कीं हॅनिबलचें नांव सर्वांच्या तोंडीं येतें. परंतु त्याच्या जन्मापूर्वीं, आजच्या ट्युनिसिया देशांत झालेली एक लढाई विद्यार्थ्यांनीं मननपूर्वक अभ्यासण्यासारखी आहे. तेथील बाग्राडास नदीवरून तिला हें नांव पडलें.

पहिलें प्यूनिक युद्ध इ. स. पूर्वीं २६४ मध्यें सुरू झालें. इ. स. पूर्वीं २५६ मध्यें समुद्रावर जय मिळवून रोमन सैन्य आफ्रिकेंत उतरलें. एक कॉन्सल बहुतेक आरमारासह परतला. दुसऱ्यापाशीं, म्हणजे रेग्युलसपाशीं, १५,००० पायदळ व अवघे ५०० स्वार राहिले. तरीही त्यानें अॅडिस येथें शत्रूचा पराभव केला व कार्थेजजवळचें ट्यूनिस घेतलें. तेव्हां कार्थेजनें तहाचें बोलणें लाविलें. पण रेग्युलसच्या अटी इतक्या कठोर होत्या कीं, त्या मान्य करण्यापेक्षां वाटेल तें सोसावें, असें कार्थेजकरांनीं ठरविलें.

याच सुमारास भाडोत्री ग्रीक शिपायांबरोबर झँथिपस नांवाचा स्पार्टन योद्धा तेथें आला. त्यानें परिस्थिति पाहून सांगितलें कीं, दोष सैन्याचा नव्हे, सेनापतींचा आहे. घोडे व हत्ती जवळ असतां ते डोंगराळ जागीं कां लढतात?

त्याचा सल्ला मानून कार्थेजचें सैन्य मैदानांत उतरलें: १२,००० पायदळ, ४,००० स्वार व सुमारें १०० हत्ती, असें इतिहासकार पॉलिबियस सांगतो. हत्तींना थोपविण्यासाठीं रेग्युलसनें एकामागें एक दाट रांगा उभ्या केल्या. त्यामुळें आघाडी अरुंद होऊन दोन्ही बगला उघड्या पडल्या. कार्थेजच्या स्वारांनीं रोमन स्वारांस उधळून पिछाडी गांठली. समोरून हत्तींनीं रांगा तुडविल्या. सुमारें २,००० रोमन निसटले, रेग्युलस ५०० लोकांसह कैद झाला, व बाकीचे बहुतेक रणांगणावर पडले.

पुढें रेग्युलस वचन पाळण्यासाठीं रोमहून शत्रूकडे परत गेला, ही कथा प्रसिद्ध आहे. तथापि पॉलिबियस तिचा उल्लेख करीत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

कार्थेजचें सैन्य जवळजवळ तेंच होतें. बदलली ती मसलत. एका शहाण्या माणसाच्या विचारानें हजारों हातांचें बळ हरलें. आणि रेग्युलसनें विजयाच्या भरांत लाथाडलेला तह होण्यास इ. स. पूर्वीं २४१ साल उजाडावें लागलें. मधल्या वर्षांत दोन्ही राष्ट्रांचीं किती घरें उजाड झालीं असतील, याचा विचार वाचकांनीं करावा.