छप्पर आधी झाका, दुरुस्ती मग

काश्मीर-हिमाचलात हिवाळ्याचा बर्फ छपरावर थराथराने साचतो आणि त्या भाराने वासे मोडतात. वर्ध्याच्या छपरांना ते भोग नाहीत. पण थंडी सरत आली की माघ-फाल्गुनात आभाळातला बर्फ आपल्याकडेही उतरतो, तो गारांच्या रूपाने. पश्चिमी झंझावातामागून येणारी वरच्या थरातली कोरडी, थंड हवा आणि बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा विदर्भावर एकमेकींना भिडतात आणि तासाभरात होत्याचं नव्हतं होतं. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपीट होत राहिली. 11 फेब्रुवारी 2018 रोजी विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा तेच झालं. अशा वेळी बातम्या येतात त्या झोपलेल्या गव्हाच्या, हरभऱ्याच्या आणि गळलेल्या संत्र्याच्या. ते रास्तच आहे. घरांची पडझड मात्र शेवटच्या एका ओळीत आटोपते, आणि छप्पर फुटलेल्या माणसानं नेमकं काय करावं हे त्याला कोणीच सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की छप्पर झाकणं आणि छप्पर दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं त्याच दिवशी करायचं, दुसरं काही आठवड्यांनी. गारपिटीनंतर ज्यांचं जास्तीचं नुकसान होतं, त्यांचं बहुतेक वेळा या दोन कामांच्या गल्लतीतून होतं.

ही गल्लत घातक का, हे समजायला छपराचं काय होतं ते नीट पाहावं लागेल. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं आणि पडण्याचा वेगही सुमारे दीडपट होतो. म्हणजे आघात जवळपास सोळापट. त्यामुळे बोराएवढ्या गारेत शाबूत राहिलेलं छप्पर लिंबाएवढ्या गारेत चाळणी होतं. त्यात नवल नाही आणि सुताराचा दोषही नाही. कवेलू फुटतो तो एकेकटा. शेजारचा शाबूत राहतो. टिनाला पोचे पडतात, जुनं गंजलेलं टिन फाटतं, आणि पोचा पडलेल्या जागी जस्ताचा थर तडकून पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो. सर्वांत फसवा सिमेंटचा पत्रा. त्याला भोक पडलं तर निदान दिसतं, पण बारीक तडा गेला तर खालून बघितलं तरी कळत नाही. शिवाय दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत गारांचा ढीग अडतो. वीतभर जाडीच्या थराचं वजन चौरस मीटरला 50 किलोच्या वर जातं, आणि वितळणारं पाणी पुढे वाट न मिळाल्यानं मागे सरकून पत्र्यांच्या जोडाखालून घरात शिरतं. बर्फाळ प्रदेशातली छपरंही अशीच गळतात. तिथे हे आठवड्यांत घडतं, इथे अर्ध्या तासात.

गारा थांबल्या की घरातला धडधाकट माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे वर चढतो. हेच करू नये. तडा गेलेला सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आणि पाय नेमका कुठे ठेवला तर तो मोडेल हे वरून ओळखता येत नाही. पत्रा मोडून खाली पडलेला माणूस थेट फरशीवर किंवा उखळावर आदळतो. ओल्या टिनावरून पाय घसरतो ते वेगळंच. विजेचा धोका तर अनेकांच्या लक्षातही येत नाही. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बऱ्याच घरांत टिनाला घासूनच आत शिरते. वादळात तिचं आवरण फाटलं तर अख्खं छप्पर विजेनं भारलेलं असू शकतं. म्हणून मेन स्विच बंद करायचा, वायर टिनाला टेकली असेल तर छपराला आणि त्याला टेकलेल्या लोखंडी खांबांना हात लावायचा नाही आणि वायरमनला बोलवायचं. वाऱ्यानं टिन उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड हा तिसरा धोका. वादळात ते सरकलेले असतात आणि थोड्या धक्क्यानंही खाली येतात, तेव्हा वळचणीखाली पोरांना उभं करू नये.

मग न चढता झाकायचं कसं? पाऊस चालू असेल तर आतून. ताडपत्रीची दोन टोकं एका भिंतीला उंच बांधायची आणि उरलेली दोन समोरच्या बाजूला हातभर खाली, म्हणजे पाणी एका कडेला वाहतं आणि तिथे बादली किंवा घमेलं ठेवता येतं. ताडपत्री सपाट बांधली तर मधे झोळ पडतो, पाणी साचतं आणि मध्यरात्री सगळं अंगावर येतं. उघडीप मिळाली की बाहेरून. दोराच्या टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो आड्यावरून पलीकडे फेकायचा, दुसऱ्या टोकाला ताडपत्री बांधायची आणि पलीकडून दोघांनी ओढून घ्यायची. ती फक्त भोकावर टाकून उपयोग नसतो. आड्याच्या पलीकडे निदान दोन हात गेली पाहिजे, नाहीतर वरून आलेलं पाणी तिच्याखालून वाहतं. कडांना खालच्या बाजूनं युरियाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती बांधून लोंबकळती ठेवायची. पोती जमिनीपासून वीतभरच उंच असली की सुटली तरी कोणाच्या डोक्यात पडत नाहीत. हे सगळं जमिनीवर उभं राहून होतं आणि त्याला गवंडी लागत नाही.

वर्धा जिल्ह्यात या घाईला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कापूस. भाव चढेल या आशेनं फेब्रुवारी-मार्चपर्यंत किती घरांत एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असते, ते हिंगणघाट, देवळी, सेलू या भागांत कोणालाही विचारावं. गळक्या छपराखालचा हा ढीग वरून कोरडा दिसतो आणि आतून तापतो; कापूस पिवळा पडतो, सरकी खराब होते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत आठ टक्के ओलाव्याच्या वर भाव कापला जातो आणि बारा टक्क्यांच्या वर माल परतच येतो. शिवाय पीकविमा उभ्या पिकाला मिळतो. घरात आलेल्या मालाला त्याचं छत्र नाही. म्हणजे पत्र्याचं नुकसान हजारांत आणि त्याखालच्या कापसाचं लाखात, असं सहज होऊ शकतं. म्हणून ताडपत्री एकच असेल तर ती झोपायच्या खोलीवर न टाकता कापसाच्या खोलीवर टाका, असं मी स्पष्ट सांगेन. माणसं एक रात्र शेजारी झोपू शकतात.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, की पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, नाहीतर मदत बुडते. या समजुतीपायी लोक दोन-दोन दिवस उघड्या छपराखाली तलाठ्याची वाट पाहतात. पंचनाम्याला पुरावा हवा असतो. घर भिजत ठेवणं हा काही पुरावा नाही. झाकण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. एक फोटो असा की अख्खं घर आणि शेजारचं ओळखीचं घर किंवा खांब दिसेल, मग प्रत्येक भोकाचे आतून आणि बाहेरून फोटो, आणि गारा वितळायच्या आत त्या रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून एक. फुटलेले पत्रे-कवेलू अंगणात एका कडेला रचून ठेवा, फेकू नका. तलाठी आणि ग्रामसेवक आले की ताडपत्रीचा कोपरा उचलून दाखवायला किती वेळ लागतो? पंचनाम्यात कारण काय लिहिलं जातं तेही स्वतः वाचा. केंद्राच्या निकषांतल्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, नुसता सोसाट्याचा वारा नाही. गारा पडल्या असतील तर कागदावर गारपीट हाच शब्द आला पाहिजे. विमा कंपनीला पिकाची सूचना दिली तरी ती पिकापुरतीच. तिथे कळवलं म्हणजे घराचंही कळलं असं नसतं.

मदतीच्या आकड्यांवर भिस्त ठेवून घर उघडं ठेवावं, इतके ते मोठेही नाहीत. 2022 ते 2026 साठीच्या केंद्रीय निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात 1,20,000 रुपये ठरले, पण किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्या घराला 4,000 आणि गोठ्याला 3,000. गारपिटीत घरं सहसा पूर्ण पडत नाहीत, छप्परच जातं. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला येतात ते 4,000 किंवा 6,500. पत्रे, अँगल आणि मजुरी धरली तर एका खोलीचंही छप्पर त्यात होत नाही. ही रक्कम वाढली पाहिजे यात मला शंका नाही. तोवर तिच्यासाठी कापूस भिजू देणं परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: आधी ताडपत्री, मग पत्रे, असा दुहेरी भुर्दंड कशाला, एकदाच पत्रे बसवून मोकळं व्हावं. गारपिटीच्या आठवड्यात साऱ्या गावाला पत्रे हवे असतात, मिस्त्री मिळत नाही आणि मिळाला तर तो चार घरांची कामं एका दिवसात उरकतो. हुकाचं भोक पत्र्याच्या उंचवट्यावर न पाडता खोलगट भागात पाडलं जातं, म्हणजे पाणी थेट भोकावरूनच वाहतं. आडवा जोड दोन नळ्यांऐवजी एकाच नळीचा घेतला जातो. वारा छपराला वरून दाबण्यापेक्षा खालून आणि कडेनं उचलतो, म्हणून वळचणीला आणि कोपऱ्यांना हुक जवळजवळ हवेत. घाईत तिथेच ते कमी पडतात आणि मग वर दगड येतात. असं छप्पर मृगाच्या पहिल्या वादळात उडतं. आपल्याकडे मार्चची गारपीट आणि 7 जूनचा मृग यांच्यामध्ये एप्रिल-मे आहेत, तापलेले आणि बहुतांशी कोरडे. छपराचं काम करायला याहून चांगला काळ नाही. ताडपत्री तोवर टिकते आणि नंतर धान्यावर, कापसावर कामाला येते, तेव्हा तिचा खर्च वाया जात नाही. याच काळात छपरावर झुकलेल्या झाडाचाही निकाल लावावा. 9 एप्रिल 2023 रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळात मोठा कडुनिंब टिनाच्या शेडवर कोसळला आणि आसऱ्याला उभ्या असलेल्यांपैकी सात जण दगावले. टिनाचं छप्पर पाऊस अडवतं, झाड अडवत नाही.

फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. त्यांतले बरेचसे अॅस्बेस्टॉसचे असतात आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तुकडे कोरडे झाडू नका, पाणी मारून उचला. मोरीच्या आडोशाला उभे करायला ते कापू नका आणि चुरा अंगणातल्या खड्ड्यात भरून वर पोरांना खेळू देऊ नका.

मग नवं काय घालावं? स्लॅब टाकली की कटकट मिटते, असं घरकुल मिळालेले सांगतात, आणि त्या एका खोलीपुरतं ते खरंही आहे. गोठा आणि मागची पडवी टिनाचीच राहते. माझा कल मात्र अजूनही कवेलूकडे आहे. गारेनं दहा कवेलू फुटले तर दहाच बदलायचे, अख्खा पत्रा नाही, आणि वर्ध्याच्या उन्हात कवेलूखाली दुपारी माणूस बसू शकतो. सेवाग्रामच्या बापू कुटीवर आजही कवेलूच आहेत. दरवर्षी हात फिरला तर ते किती टिकतात हे तिथे जाऊन पाहावं. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं तर कुंभाराच्या चाकावरच्या शंकूसारख्या कवेलूंच्या कमानी करून लाकडाशिवाय छप्पर उभं करण्याची रीत दाखवली. याला गावकऱ्यांचं उत्तर एका शब्दाचं असतं: माकडं. ते खोटं नाही. माकडांच्या टोळीनं एका सकाळी जितके कवेलू फुटतात तितके कधी गारांनीही फुटत नाहीत, आणि फेरायला माणूस मिळत नाही. म्हणून जिथे माकडांचा उपद्रव आहे तिथे टिनच घ्या, पण जाड गेजचं घ्या, खाली बांबूची चटई किंवा तट्टा लावा आणि हुकांत कंजुषी करू नका.

शेवटचा आक्षेप सर्वांत खरा आहे. ज्याच्या घरात कापूस नाही, ताडपत्री नाही आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या नोंदीत, नावही नाही, त्या मजुरानं काय झाकायचं? त्याला हा सगळा सल्ला लागू होत नाही, आणि गारपिटीत सर्वांत आधी त्याचंच छप्पर जातं. नमुना आठवर नोंद नसेल तर पंचनाम्याच्या वेळी वाद होतो, म्हणून ती नोंद आधीच मागून घ्यावी. पण ताडपत्रीची सोय गावानंच करायला हवी. ग्रामपंचायतीनं स्वनिधीतून दहा-बारा मोठ्या ताडपत्र्या आणि दोर घेऊन ठेवले, त्या कोणाच्या ताब्यात आणि आधी कोणाला द्यायच्या हे ठरवलं, तर पहिल्या रात्रीचं अर्धं संकट टळतं. 26 जानेवारीची ग्रामसभा गारांच्या हंगामाच्या अगदी तोंडावर येते. हा विषय त्या सभेत कोणीतरी उठून मांडायला हवा, आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नये.