अशनीच्या चुऱ्यातून सूर्यमालेचा हिशेब

सूर्यमाला घडली तेव्हा तिच्यात लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये किती होती, हे पृथ्वीवरचा खडक सांगत नाही. तो वितळला, थिजला आणि त्यात या मूलद्रव्यांचे मूळ प्रमाण विस्कटले. म्हणून न वितळलेला अशनी घ्यायचा.

१. अशनी निवडा. सीआय कॉन्ड्राइट या प्रकारचे अशनी सर्वांत भरवशाचे. वायुरूप मूलद्रव्ये आणि लिथियम वगळता त्यांची घडण सूर्याशी जुळते. आपल्याकडे राजस्थानात टोंकला १९११ मध्ये असा अशनी पडला, पण हाती लागला काही ग्रॅमच. त्यामुळे बहुतेक मोजमापे फ्रान्समध्ये १८६४ साली पडलेल्या ऑर्गेय अशनीवरची आहेत.

२. नमुना तयार करा. ही मूलद्रव्ये बरीचशी फॉस्फेटच्या बारीक कणांत दडलेली असतात, त्यामुळे चिमूटभर चुरा फसवतो. मोठा तुकडा कुटून नीट एकजीव करा आणि त्यातला भाग टेफ्लॉनच्या बंद भांड्यात हायड्रोफ्लोरिक व नायट्रिक आम्लांत विरघळवा. हायड्रोफ्लोरिक आम्ल जीवघेणे आहे. हे काम प्रशिक्षित माणसाने प्रयोगशाळेतच करावे.

३. मोजा. अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रावर चौदा मूलद्रव्ये मोजा. प्रोमेथियम किरणोत्सारी, ते उरलेलेच नसते. बेरियमवर लक्ष ठेवा. ते युरोपियमच्या सुमारे ४० पट असते आणि बेरियम-१३७ला ऑक्सिजन-१६ चिकटला की यंत्राला तो युरोपियम-१५३ वाटतो. ही भर वजा करा.

४. वजनाचे अणू करा. लॅन्थॅनम ०.२३७ पीपीएम (वजनाच्या दहा लाख भागांत इतके भाग), अणुभार १३८.९ने भागल्यास ०.००१७०६. सिलिकॉन १,०६,५०० पीपीएम; २८.०९ने भागल्यास ३,७९१. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागून दहा लाखांनी गुणा: ०.४५. म्हणजे सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे लॅन्थॅनमचा अर्धा अणूही नाही.

५. आलेख काढून तपासा. याच रीतीने सिरियम १.१५ आणि प्रॅसिओडिमियम ०.१७ येते. सम अणुक्रमांकाची केंद्रके अधिक स्थिर, म्हणून अणुक्रमांकाच्या क्रमाने काढलेला आलेख करवतीसारखा दातेरी दिसतो. आता प्रत्येक आकड्याला प्रमाणित सीआय मूल्याने भागा. दाते जाऊन रेषा सपाट व्हायला हवी. एकटे युरोपियम वर उचलले असेल, तर नवा शोध लागला असे समजण्याआधी बेरियमची वजावट पुन्हा करा.

प्रमाणित मूल्यांचा कोणता संच वापरला, ते आलेखाखाली लिहा. संच बदलला की उत्तरे काही टक्क्यांनी सरकतात.