बॅटरी धरणाऱ्याचे अनुभव

हर्णै बंदरात आमच्या घरची एक लाकडी मच्छीमारी नौका आहे. मागच्या अंगाला केबिन, केबिनच्या पोटात इंजिन. समुद्रावर जातात ते तांडेल आणि खलाशी. मी किनाऱ्यावरचा मालक, म्हणजे कागद आणि पैसे सांभाळणारा. जुनं इंजिन काढून नवं बसवलं त्या काळात माझ्याकडे बॅटरी धरण्याचं काम होतं. फिटर जिथे वाकेल तिथे उजेड पाडायचा आणि मध्ये बोलायचं नाही. यातलं दुसरं जास्त जड गेलं. त्या उजेडात जे दिसलं, ते असं.

१. इंजिन बदलायला सगळ्यात आधी सुतार लागतो. नौका बांधताना इंजिन आधी बसतं आणि केबिन नंतर त्याच्या डोक्यावर चढते, त्यामुळे ते बाहेर काढायचं तर आधी केबिन उघडावी लागते. “बांधणाऱ्याने पुढचा विचारच केला नाही,” असं मी जरा मालकी थाटात म्हणालो. सुतार काही बोलला नाही. त्याने केबिनच्या छपराच्या मधल्या फळ्या दाखवल्या. बाकी सगळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या, या तेवढ्या स्क्रूने बसवलेल्या. ज्याने नौका बांधली त्याला तेव्हाच ठाऊक होतं की लाकूड टिकेल, इंजिन टिकणार नाही. आम्ही इतकी वर्षं त्या छपराखाली बसून चहा प्यायलो, वर पाहिलं कोणी?

२. वजन उचलणं अवघड नसतं, त्याची वेळ साधणं अवघड. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन गिअरसकट पाऊण टनाच्या घरात जातं. गिअर, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड वेगळे केले तरी जे उरतं ते चार माणसांनी हलत नाही. त्यासाठी हायड्रा, म्हणजे क्रेन, मागवावा लागतो. हायड्रा तासाच्या भाड्याने येतो आणि भरती तिच्या वेळेला येते. ओहोटीला नौका जेटीच्या इतकी खाली जाते की बूम केबिनच्या वर नीट येतच नाही. मग हायड्रावाला मोबाइलवर गाणी ऐकत बसतो आणि मालक घड्याळ बघत. इंजिन एकदाचं हवेत गेलं तसा नौकेचा मागचा भाग हलका होऊन वर आला. त्याच्या वजनाने ती कायम किती दबून राहत होती, ते तेव्हा कळलं.

त्याआधीची एक गोष्ट फिटरने न बोलता केली, ती सांगायला हवी. इंजिनाला पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, शाफ्टशी जोडणारं कपलिंग सुटल्यावर त्या शाफ्टला धरून ठेवणारं काही उरत नाही. नौका पाण्यात असेल तर तो मागे सरकू शकतो आणि पार निसटला तर स्टर्न ट्यूबमधून समुद्र थेट आत. त्याने बोल्ट काढण्याआधी शाफ्टला आतून क्लँप आवळला. मला वाटलं, उगाच वेळ काढतोय.

३. खरा आजार इंजिनाखाली असतो. इंजिन निघाल्यावर खालचे फाउंडेशनचे बेड पहिल्यांदा पूर्ण उघडे झाले. वरून सागवान दिसत होतं, पण फिटरने पेचकस टोचला तर तो सहज आत गेला. वर्षानुवर्षं गळलेलं ऑइल आणि डिझेल लाकडात मुरलं होतं. अशा लाकडात बोल्ट धरत नाही. वरून कितीही आवळा, इंजिन थरथरतच राहतं. आम्ही ज्याला इंजिनाचं म्हातारपण समजत होतो, त्यातलं बरंचसं या बेडचं होतं. तांडेल म्हणाला, “शेट, इंजिनाला उगाच शिव्या घातल्या.” मासेमारी बंदीचे, १ जून ते ३१ जुलैचे दिवस या बेडवरच गेले. नौका आंजर्ल्याच्या खाडीत, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कोकणातला पाऊस. कुजका भाग कापायचा, नवं लाकूड सांधायचं, वर लोखंडी पट्टी घालायची. फोटो काढावा असं यातलं काहीच नव्हतं.

४. लाईन, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, जमिनीवर होत नाही. हे मला सगळ्यात उशिरा पटलं. इंजिनाचं कपलिंग आणि शाफ्टचं कपलिंग समोरासमोर आणायचं, मग फिलर गेज घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजायची. कपलिंगचा व्यास १०० मिलिमीटर असेल तर या चार फटींमधला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. पाऊण टनाचं धूड आणि मोजमाप वहीच्या कागदाच्या जाडीचं! फिटर एका कोपऱ्याखाली पातळ पत्रा सरकवायचा, मोजायचा, पुन्हा काढायचा. मग शाफ्ट पाव वळसा फिरवायचा. फट शाफ्टबरोबर फिरली तर दोष इंजिन बसवण्यात नाही, शाफ्टमध्ये किंवा त्याच्या कपलिंगमध्ये आहे.

एका संध्याकाळी सगळं जुळलं. मी बॅटरी बंद केली आणि पेढ्यांची गोष्ट काढली. फिटर म्हणाला, “हे कच्चं. हिला पाण्यात बसू दे आधी.” लाकडी नौका चिखलावर टेकलेली असताना तिचा आकार वेगळा असतो आणि तरंगताना वेगळा. कोरड्या पडलेल्या फळ्या पाणी पितात, फुगतात. डिझेल आणि बर्फ भरल्यावर ती आणखी थोडी वाकते. म्हणून पक्की लाईन पाण्यातच करायची. नौका उतरवून, थांबून, त्याने पुन्हा गेज लावला तर जुळलेलं सगळं हललेलं होतं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मी मात्र लाकडाला निर्जीव म्हणणं सोडलं.

५. हॉर्सपॉवर ही बंदरावर मिरवायची गोष्ट आहे. नव्या इंजिनाचा आकडा किती, हे आमच्या घरात चौकशी करायला आलेल्या प्रत्येकाने आधी विचारलं. पंख्याचं कोणी विचारलं नाही. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यालगतची लांबी ३६ फूट असेल तर साधारण ८ नॉट. त्यापुढे जेवढी ताकद घालाल ती बहुतेक लाटा उठवण्यात जाते. आणि इंजिन बदललं, गिअरचं गुणोत्तर बदललं, की जुना पंखा त्याला जुळेलच असं नाही. पंख्याची पिच जास्त असेल तर इंजिन आपल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही, काळा धूर सोडत कण्हत राहतं. ट्रकच्या इंजिनाला उतारावर विसावा मिळतो. नौकेच्या इंजिनाला उतार नाही, ते सतत ओझ्याखालीच चालतं. आम्ही पंखा उतरवून पिच कमी करून आणली. त्याचं कौतुक तांडेलाशिवाय कोणी केलं नाही.

६. गळती नेहमी वाईट नसते. शाफ्ट जिथून बाहेर जातो त्या ग्लँडमधून थेंब पडताना पाहून मी दचकलो आणि पाना मागितला. फिटरने दिला नाही. शाफ्ट फिरताना दोरीच्या पॅकिंगमधून थोडं पाणी ठिबकायलाच हवं, त्यावरच ते गार राहतं. आवळून कोरडं केलं तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला खाच पडते.

७. जुन्या इंजिनाचं काय झालं, ते वडिलांनी एकदाच विचारलं. फ्युएल पंप आणि इंजेक्टर एकाने नेले, बाकी भंगारात गेलं. त्यांनी नंबर प्लेट मागितली, ती दिली. पुढे विषय निघाला नाही. नंबरावरून आठवलं: नव्या इंजिनाचा नंबर नौकेच्या नोंदणीवर चढवून घ्यायचं काम माझं होतं. या सगळ्यात मला एकट्याला जमलेली ती एकच गोष्ट.

८. इंजिन सुरू झालं म्हणजे काम संपलं असं धरू नका. नवं लाकूड भाराखाली दबतं, बोल्ट सैल होतात. पहिल्या काही फेऱ्या झाल्या की फाउंडेशन पुन्हा आवळून घ्या आणि कपलिंग सोडून लाईन परत एकदा तपासून घ्या. फिटर त्यासाठी पुन्हा बोलावणं मागतो तेव्हा तो पैसे काढायला बघत नसतो. त्याला बोलवा, आणि बॅटरीत सेल नवे घाला.