सही कोणाची?

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात मी राहते आणि शाळेच्या कार्यालयातल्या नोकरीवर सायकलने जाते. आमच्या मोठ्या रस्त्यावरचा सायकल ट्रॅक ठेवायचा की उखडायचा, यावर गेली काही वर्षं वाद चालू आहे. दुकानदार एका बाजूला, सोसायट्या दुसऱ्या बाजूला, मध्ये कधी पोलीस, कधी अभियंते आणि निवडणूक जवळ आली की उमेदवार. या वादात मी सुरुवातीपासून आहे. बैठकांना बसले, अर्ज केले, फाईली वाचल्या. त्यातून कळलेल्या गोष्टी दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडाव्यात म्हणून लिहिते आहे.

१. सायकल कोण चालवतं, ते आधी पाहावं.

बैठकीत सायकलचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघालेले तरुण येतात. तेही आमचेच. पण रोज सकाळी साडेसहाला आमच्या चौकात उभं राहिलं तर रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन दिसतात, हँडलला बादल्या अडकवलेले रंगारी दिसतात, माळीकाम करणारे, पेपर टाकणारी मुलं दिसतात. यांतला एकही माणूस बैठकीला येत नसे, कारण बैठक दुपारी चारला, कामाच्या दिवशी. मग आम्ही एक बैठक रात्री नऊनंतर चहाच्या टपरीपाशी घेतली. तिथे एक वॉचमनमामा म्हणाले, "ताई, ट्रॅकचं तुमचं चालू द्या. पण आधी उजेड द्या. डंपरवाल्याला मी दिसतच नाही." दुसऱ्याने सायकल बांधून ठेवायला जागा मागितली. तिसऱ्याने सांगितलं की ट्रॅकवर चढायचा उतार इतका उभा केला आहे की सामान लादलेली सायकल ढकलत न्यावी लागते, म्हणून तो रस्त्यानेच जातो. आमच्या मागणीपत्रातली पहिली तीन कलमं त्या टपरीवर ठरली. ज्यांचा जीव रोज पणाला लागतो त्यांना विचारल्याशिवाय काढलेलं पत्रक कितीही सुबक असलं तरी पोकळ राहतं.

२. "तुम्ही रोड टॅक्स भरता का?" याचं उत्तर तयार ठेवावं.

प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येतो. गाडी घेताना भरलेला मोटार वाहन कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका बांधते, आणि तिच्या उत्पन्नात मिळकतकराचा वाटा मोठा असतो. तो बंगलेवाला भरतो, आणि एका खोलीत भाड्याने राहणारा वॉचमनही घरभाड्यातून भरतो. एकेकाळी सायकललाही कर होता आणि बिल्ला लावावा लागे, हे आमच्या आईवडिलांच्या पिढीला ठाऊक आहे. एवढं शांतपणे सांगितलं की पुढची चर्चा सरळ होते.

३. आराखड्यापेक्षा अंदाजपत्रक वाचावं.

२००६च्या अखेरीस सातारा रस्त्यावर बसच्या स्वतंत्र मार्गिकांची बीआरटी सुरू झाली तेव्हा तिच्या कामात कडेचे सायकल ट्रॅकही होते. डिसेंबर २०१७मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं त्यात आखलेलं आहे. त्याच महिन्यात औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. पुढच्या वर्षी आणखी कंपन्या आल्या, रस्तोरस्ती रंगीत सायकली दिसू लागल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. आराखडा चांगला आहे, असं मी तो वाचून म्हणते. पण त्यातल्या कोणत्या रस्त्यापुढे यंदा रक्कम लिहिली आहे आणि मार्चअखेर त्यातली किती खर्ची पडली, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या नकाशाला अर्थ येत नाही. तरतूद झाली तरी ती वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवता येते. म्हणून अंदाजपत्रक मांडतानाच्या घोषणांपेक्षा वर्षाच्या उत्तरार्धातल्या वर्गीकरणाच्या ठरावांकडे आम्ही जास्त बारकाईने पाहतो. सायकल ट्रॅकचे पैसे कुणाच्या प्रस्तावाने, कोणत्या कामाला गेले, हे त्या ठरावात लिहिलेलं असतं.

पुण्यात २००६-०७पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवण्याची सोय आहे. दिवे, उतार, सायकल स्टँड अशी छोटी कामं त्यातून सुचवता येतात. फार थोडे लोक तो अर्ज भरतात, याचं मला वाईट वाटतं.

४. तक्रारीत खांबाचा नंबर लिहावा.

एका पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या सायकलचं पुढचं चाक पाणी जाण्याच्या जाळीत अडकलं. ते तोंडावर पडले, मनगट मोडलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या होत्या. त्याच आडव्या असत्या तर चाक वरून निघून गेलं असतं. आम्ही विचारायला गेलो तर एक कार्यालय म्हणालं, जाळी ड्रेनेजवाल्यांची. ड्रेनेजवाले म्हणाले, रस्ता नव्याने केला तेव्हा ठेकेदाराने ती फिरवली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, नंतर केबलसाठी खोदाई झाली, ती आमची नव्हे. तिघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील. पण मोडलेल्या मनगटाला त्यांतल्या एकाचंही नाव लागत नव्हतं.

मग आम्ही कागद काढला. त्या हजारेक मीटरच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत आणि प्रत्येकावर नंबर आहे. कोणत्या दोन खांबांमध्ये कोणती जाळी, कोणतं चेंबर वर आलेलं, कुठे गाड्या अडवणारा बोलार्ड तुटलेला, कुठे उतार नाही, हे सगळं खांबाच्या नंबराने लिहिलं. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवली, म्हणजे चेंबर किती वर आहे ते डोळ्यांना दिसावं. अर्जाची प्रत देऊन आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. "चौकाच्या जवळ खड्डा आहे" या तक्रारीला "आमच्या हद्दीत नाही" असं उत्तर मिळतं. खांबाच्या नंबराला तसं उत्तर देता येत नाही, कारण मग हद्द कुणाची हे त्यांनाच आपसात ठरवून लेखी कळवावं लागतं. जाळ्या फिरवल्या गेल्या. वेल्डरचं काम होतं, एका दुपारचं.

५. माहितीच्या अधिकारात "का" विचारू नये, कागद मागावा.

दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. "ट्रॅक निकृष्ट का झाला?" असं विचारलं की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं, आणि कायद्याने ते बरोबरही असतं, कारण कार्यालयाने अस्तित्वात असलेला कागद द्यायचा असतो, कारणं रचून द्यायची नसतात. म्हणून कार्यादेश मागावा, मंजूर नकाशा मागावा, मोजमाप पुस्तिकेची प्रत मागावी. मोजमाप पुस्तिकेत किती ब्लॉक बसले, किती मीटर झाले आणि ते कुणी मोजून तपासलं, हे सहीसकट असतं. आमच्या वादाला वळण लागलं ते या पुस्तिकेपासून. तोवर आम्ही "प्रशासन" या शब्दाशी भांडत होतो. नंतर आमच्यासमोर सही असलेला माणूस होता, आणि त्याच्याशी बोलता येत होतं.

६. अभियंत्याला सायकलवर बसवावं.

एक तरुण कनिष्ठ अभियंता आमच्या विनंतीवरून पूर्ण ट्रॅक सायकलने फिरला. भर ऑफिसच्या वेळी, माझ्याच सायकलवर. बस थांब्यापाशी ट्रॅक प्रवाशांच्या रांगेत शिरतो, हे नकाशावर त्याला दिसलं नव्हतं. बोलार्ड इतके जवळ होते की मोटारसायकली थांबाव्यात म्हणून लावलेले ते भाजीवाल्या मावशींच्या तीनचाकीलाच अडवत होते. आणि चौकापाशी, जिथे खरी गरज, तिथेच ट्रॅक संपत होता. डावीकडे वळणारा डंपर किंवा बस पुढून मोकळी दिसते, पण वळताना तिचं मागचं चाक आत कापतं, आणि सायकलवाला नेमका त्याच कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या आरशाबाहेर उभा असतो. तो मुलगा उतरला तेव्हा घामाघूम झाला होता. म्हणाला, "मॅडम, ट्रॅक चौकात तोडायला नको होता." पुढच्या टप्प्याच्या नकाशात चौकाआधी सायकलसाठी थांबायची रेघ आली. त्याची नंतर बदली झाली. त्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

७. दुकानदाराची भीती खरी मानावी.

त्याचं भाडं मोठं, धंदा आधीच ऑनलाइनने खाल्लेला. गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून पुढे गेलं तर तो कुणाकडे जाणार? आमच्या भागातले एक किराणावाले काका सर्वांत मोठ्या आवाजात विरोध करत. त्यांच्याशी बसून बोलल्यावर कळलं की दुकानापुढे दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नव्हत्याच, वरच्या मजल्यावरच्या कार्यालयांतल्या होत्या. काकांना हवा होता माल उतरवायला सकाळचा थोडा वेळ, आणि थोड्या वेळाच्या पार्किंगची सोय. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि आता आमच्याच पत्रात आहेत. सगळे दुकानदार असे वळले नाहीत. काहींशी अजून भांडण आहे आणि ते राहील.

८. वेगाबद्दल बोलायला लाजू नये.

केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० किलोमीटरपर्यंत मुभा दिली. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार स्थानिक पातळीवर वापरता येतो. जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० ठेवावी, असं २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी म्हटलं. शाळेपुढच्या रस्त्यावर ३०ची मागणी केली की "ट्रॅफिक तुंबेल" म्हणतात. आमचा रस्ता सकाळी तसाही मुंगीच्या पावलांनी चालतो. माणसं मरतात ती रात्री, रस्ता मोकळा असताना.

९. अपघातानंतर ड्रायव्हरबरोबर रस्त्याचीही चौकशी मागावी.

२०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. प्रत्येक वेळी बातमीत "भरधाव" असतं आणि गुन्हा चालकावर नोंदला जातो. तो नोंदलाच पाहिजे. पण दिवा बंद होता का, ट्रॅक खोदून ठेवला होता का, हे पंचनाम्यात यावं म्हणून नातेवाइकांनी किंवा शेजाऱ्यांनी तिथे उभं राहून आग्रह धरावा लागतो. त्या दु:खाच्या घडीला घरच्यांना ते सुचत नाही, म्हणून शेजाऱ्यांनीच करावं.

कायदा आता पूर्वीपेक्षा आपल्या बाजूला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ सांगतं की रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कुणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५मध्येच चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑक्टोबर २०२५मध्ये न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई ठरवली, आणि ती जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पादचारी आणि सायकलींसारख्या वाहनांसाठी, तसंच रस्त्यांच्या मानकांसाठी सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. दंडाची एक लाख ही रक्कम माणसाच्या जिवापुढे काहीच नाही, हे मला मान्य आहे. तरी दंड कुणाला, हे ठरवण्यासाठी नाव शोधावं लागतं, आणि एकदा नाव शोधण्याची सवय लागली की पुढची कामं वेगळ्या काळजीने होतात.

१०. उमेदवाराकडून तारीख घ्यावी.

पुण्यात मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात कामं झाली नाहीत असं नाही. पण ट्रॅकवर पार्किंगचे पट्टे आखले गेले तेव्हा "हे कुणी ठरवलं?" असं ज्याला विचारावं असा निवडून आलेला माणूसच नव्हता. आता माणसं आहेत, पण प्रभाग चार सदस्यांचा. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो. त्यामुळे प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला आम्ही एकच छापील कागद दिला: ट्रॅकवरचे दिवे कधी लागतील, चौकांची दुरुस्ती कोणत्या तरतुदीतून होईल, शाळेपुढचा वेग कमी करण्याचा प्रस्ताव कोण मांडेल. उत्तर त्याच कागदावर, सही करून. काहींनी हसून खिशात घातला. काहींनी बसून भरला, एका ताईंनी तर नवऱ्याला गाडीत थांबायला सांगून. भरलेले कागद आम्ही चौकातल्या फलकावर लावले आणि ते अजून तिथे आहेत. जे निवडून आले त्यांना आम्ही त्यांच्याच अक्षरातल्या तारखा दाखवतो. पक्ष कोणताही असो.

११. दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते लिहून ठेवावं.

काम पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंतची दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. अभियंते तिला डीएलपी म्हणतात. मुदत संपली की तेच काम नव्या निविदेने, आपल्या पैशांनी होतं. आमच्या ट्रॅकच्या एका टप्प्याची मुदत येत्या मे महिन्यात संपते. उखडलेले ब्लॉक, वर आलेली चेंबरं आणि बंद दिव्यांची यादी खांबांच्या नंबरांसह तयार होते आहे. टपरीवरचे वॉचमनमामा रात्रीच्या दिव्यांची नोंद करतात, कारण ते जागे असतात. एप्रिल संपायच्या आत ती यादी जमा करून आवक क्रमांक घ्यायचा आहे.