पाहुणा मासा



गेल्या पावसाळ्यात वर्गात एका मुलाने विचारले, "सर, घरच्या काचपेटीत गप्पी मासे फार झालेत. मयेच्या तळ्यात सोडू का? मोठ्या माशांना तेवढेच खाणे मिळेल." हेतू चांगलाच होता. पण 'नको' म्हणण्याचे कारण पाच मिनिटांत सांगून होईना, म्हणून हा लेख.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमाभागात पाच प्रचंड सरोवरे आहेत. त्यांतले एकटे मिशिगन सरोवर गोव्याच्या पंधरापट! तिथे लेक ट्राउट हा मोठा मासा राज्य करी. गरी टाकणाऱ्यांचा तो लाडका. समुद्रातून वर येणाऱ्या माशांना नायगारा धबधबा आडवा होता. १८२९ साली जहाजांसाठी त्याला वळसा घालून वेलंड कालवा काढला आणि वाट मोकळी झाली. या वाटेने वर पोहोचलेल्यांपैकी एक एलवाइफ, आपल्या तारल्यांच्या कुळातला वीतभर मासा. १९४९ मध्ये तो मिशिगन सरोवरात सापडला. त्याच सुमारास लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या पाहुण्याने ट्राउट संपवत आणले होते, त्यामुळे एलवाइफला खाणारा कोणी उरला नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफांचे ढीग किनाऱ्यावर साचले, ते उचलायला यंत्रे लावावी लागली.

उपाय म्हणून १९६६ पासूनच पॅसिफिक महासागरातले सामन मासे तिथे सोडले जात होते. एलवाइफ खाऊन ते पोसले, गळाची शिकार जोरात सुरू झाली, सगळे खूश. पण पुढे लक्षात आले की धडधाकट दिसणाऱ्या माद्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. एलवाइफच्या शरीरात थायमिनेझ नावाचे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकते. सतत एलवाइफच खाणाऱ्या मादीच्या अंड्यांत हे जीवनसत्त्व पुरेसे उतरत नाही. आईचे पोट भरलेले, पिल्लू मात्र उपाशी! शिवाय ट्राउटची नुकती जन्मलेली पिल्ले एलवाइफ स्वतःच गिळतो. म्हणजे कोण शिकारी आणि कोण भक्ष्य हे वयावर ठरते. २००३-०४ च्या सुमारास ह्युरॉन सरोवरात एलवाइफ जवळजवळ नाहीसा झाला, तेव्हा ट्राउटची पिल्ले पुन्हा आपसूक वाढू लागली. सामनचे मात्र हाल झाले. ते त्याच एका माशावर विसंबून होते.

आपल्याकडे एलवाइफ नाही, तिलापिया आहे. माणसांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून १९५२ मध्ये तो भारतात आणला. पहिल्या पावसात चढणीला येणारे आपले मासे वर्षातून एकदाच अंडी घालतात. उबदार पाण्यात तिलापिया अनेकदा घालतो आणि मादी ती तोंडात सांभाळते. दुसऱ्यांची अंडी मात्र तो खातो. राजस्थानात उदयपूरजवळच्या जयसमंद तलावात तो शिरला, तेव्हा रोहू-कटल्यांचे सरासरी वजन घटले आणि गळवाल्यांचा मानाचा मासा महसीर नाहीसा होण्याच्या बेताला आला. गोव्याच्या गोड्या पाण्यातही तिलापिया आता इतका रुळला आहे की त्याला परका कोणी म्हणत नाही.

मग एक बरणी गप्पी मासे सोडले तर काय बिघडेल? गप्पीही मूळ दक्षिण अमेरिकेतले. ते अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्ले देतात; म्हणून एका मादीपासूनही वस्ती उभी राहू शकते. डास मारायला ते हवेतच असेही नाही. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेले चिमुकले मासे तुम्ही ओहोळात पाहिले असतील. त्यांच्याच जातकुळीतले मासे १९९० च्या दशकात गोव्यात हिवतापाच्या डासांवर वापरून पाहिले गेले होते, आणि ते आपलेच आहेत. शिवाय तिळारीचे पाणी कालव्याने पेडणे, डिचोली, बार्देशात येते. पावसात ओहोळ एकमेकांना मिळतात. एका तळ्यात सोडलेला मासा तिथेच राहील, याची हमी कोण देणार? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गरीसाठी आणलेले आणि उरलेले जिवंत मासे सरोवरात ओतायला कायद्याने बंदी आहे, ती याच कारणाने.

त्या मुलाने शेवटी आपले गप्पी दोन मित्रांना वाटले. त्यांच्याही काचपेट्या आता भरत आल्या आहेत.